सारखं आजारी पडणारं मूल, जुनी फाइल आणि आईचं माहेर

सिंहगडरोडवाली
सोमवार, रात्री १०.४२

पाळणाघर आणि सर्दीच्या धाग्यावर मी मुलाच्या आजाराबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि इतके व्यनि (खासगी निरोप) आले की वेगळा धागाच काढतेय.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला एक्सएलए आहे. बी पेशी पक्व व्हायला लागणारं बीटीके नावाचं जनुक बिघडलेलं, म्हणून बी पेशी नाहीत, आणि त्या नाहीत म्हणून अँटीबॉडी नाहीत. दर तीन-चार आठवड्यांनी आयव्हीआयजी चढवतो, म्हणजे हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटीबॉडी शिरेतून देतो. बाकी पोरगं शाळेत जातं, सायकल दामटतं, भाजीत मटार दिसले की नाटकं करतं.

जन्मानंतरचे सहा महिने छान गेले. वारेतून आलेल्या आईच्या अँटीबॉडी साधारण तेवढंच पुरतात. त्या संपल्या आणि कान फुटायला लागला. मग न्यूमोनिया, पुन्हा न्यूमोनिया, मग गुडघा सुजला. कुणी बाळदमा म्हटलं, कुणी प्रायमरी कॉम्प्लेक्स (लहान मुलांचा टीबी) म्हणून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केली. हॉस्पिटलांची नावं घेणार नाही, विचारू नका. प्रत्येकाने समोर दिसला तो आजार बरा केला, एवढं मात्र खरं.

निदान केलं ते एका वयस्क बालरोगतज्ज्ञांनी. त्यांनी टॉर्च लावून घसा बघितला आणि बराच वेळ बघतच राहिले. म्हणाले, याचे टॉन्सिल कुठायत? इतक्या वेळा घसा आणि कान बिघडलेल्या मुलाचे टॉन्सिल मोठे असायला हवेत, याला जवळजवळ नाहीतच. मानेत गाठीही लागत नव्हत्या. टॉन्सिल आणि गाठी बऱ्याच अंशी बी पेशींनीच भरलेल्या असतात, हे मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी मला नाही, माझ्या आईला विचारलं, "आजी, तुमच्याकडे लहानपणी गेलेला मुलगा आहे का कुणी?" आई म्हणाली, दोन. एक माझा थोरला भाऊ, तो मला माहीत होता. दुसरा आईचा स्वतःचा भाऊ, वर्षाचा होऊन गेलेला. त्याचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं. घरात त्याला "छातीत कफ झाला" म्हणत आणि विषय तिथेच संपायचा. आईचा भाऊ, माझा भाऊ, माझा मुलगा: दोष एक्स गुणसूत्रावर असला की असाच बायकांच्या हातून मुलग्यांपर्यंत उतरतो.

त्यानंतर त्यांनी आमची जाडजूड फाइल उघडली. प्रत्येक ॲडमिशनला लिव्हर फंक्शन केलेलं होतं. सगळ्यांची नजर एसजीपीटी या यकृताच्या आकड्यावर. डॉक्टरांनी पेनाने वरच्या ओळींवर खूण केली: टोटल प्रोटीन ५.६, अल्ब्युमिन ४.२. वजाबाकी करा, ग्लोब्युलिन उरतं १.४. अँटीबॉडी या ग्लोब्युलिनमध्येच येतात, आणि तो आकडा साधारण दोनच्या वर हवा. आमच्या प्रत्येक रिपोर्टात तो कमी होता. आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटीबॉडींच्या प्रकारांची महागडी तपासणी नंतर झाली, फ्लोमध्ये (पेशींचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीत) बी पेशी नाहीत हे त्याच्याही नंतर दिसलं. पण उत्तर आमच्याच कपाटात पडून होतं.

म्हणून एवढंच सांगायचंय: दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना फक्त शेवटचा रिपोर्ट नेऊ नका. अख्खी फाइल न्या, आणि जमलं तर आईच्या आईला न्या.

पेठकरी
सोमवार, रात्री ११.१५

तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं, तब्येतीला जपा. पण अशा धाग्यांनी निम्म्या पुण्याच्या आया उद्या सकाळी लॅबच्या दारात उभ्या राहतील. पोरं आजारी पडतातच हो. आम्ही शेंबडं नाक घेऊन शनिवार पेठेत वाढलो.

चहाबाज
सोमवार, रात्री ११.३१

पेठकरींना +१. आमच्याकडे दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन देतात, प्रतिकारशक्ती उत्तम राहते. करून बघा.

सिंहगडरोडवाली
सोमवार, रात्री ११.५०

चहाबाज, बी पेशीच नाहीत तर वाढवायची कुणाची शक्ती? सुवर्णप्राशनाचा वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

स्टेथोवाला
मंगळवार, सकाळी ७.०५

बालरोगतज्ज्ञ आहे, ओपीडीआधी लिहितोय. पेठकरी काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. धडधाकट मुलालाही वर्षाला सहा-आठ सर्दी-खोकले होतात. पाळणाघरात किंवा प्लेग्रुपला जाणाऱ्याला, किंवा घरात शाळेत जाणारं मोठं भावंड असलेल्याला, दहा-बारासुद्धा. दोन आजारांच्या मध्ये ते मूल खातं, खेळतं, वजन वाढवतं. अशा मुलाला काही झालेलं नसतं आणि त्याच्या रक्ताच्या बाटल्या भरायचं कारण नाही.

किती वेळा आजारी पडलं यापेक्षा संसर्ग किती खोल गेला, कुठल्या जंतूने केला आणि वजनाची रेघ कुठे वाकली, हे मी बघतो. आईबापांसाठी एक दहा धोक्याच्या खुणांची यादी फिरत असते (वर्षात दोन न्यूमोनिया, चार वेळा कान, दोन महिने अँटिबायोटिक वगैरे). वाईट नाही. पण तिच्यातल्या तीन खुणा बाकीच्यांपेक्षा फार जड आहेत: घराण्यात असा आजार असणं, सेप्सिससाठी (संसर्ग रक्तात, अंगभर पसरणं) शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागणं, आणि वजन न वाढणं. सातत्याने कान फुटणारा गुटगुटीत मुलगा मला तितका घाबरवत नाही.

जंतूचं नाव तर जवळजवळ पत्ताच सांगतं. यकृतात गळू आणि त्यातून स्टॅफिलोकोकस, किंवा फुफ्फुसात ॲस्परजिलस बुरशी, असं धडधाकट दिसणाऱ्या मुलात आलं की सीजीडीची तपासणी त्याच आठवड्यात. यात पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. वर्षाच्या पुढेही तोंडात बुरशीचा पांढरा थर येत राहिला तर टी पेशींकडे (बुरशी-विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बघायचं. नाळ महिना उलटूनही पडली नाही, बेंबी लाल, पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या आणि तरी पू नाही, तर एलएडी, म्हणजे पांढऱ्या पेशी रक्तातून संसर्गाच्या जागी पोचतच नाहीत. इसब, अंगावर लाल ठिपके, कमी प्लेटलेट आणि त्याही आकाराने लहान, असा मुलगा आला तर विस्कॉट-ऑल्ड्रिच हा जन्मजात आजार. शेवटच्याला कितीदा तरी आयटीपी (शरीराने स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करणं) समजून सोडून देतात. प्लेटलेटचा आकार साध्या सीबीसीवर एमपीव्ही म्हणून छापलेला असतो, कुणी वाचत नाही.

आपल्याकडे एक गोष्ट पाश्चात्त्य पुस्तकांत कमी लिहिलेली सापडते, ती म्हणजे बीसीजी, टीबीची लस. आपण प्रत्येक बाळाला जन्मताच डाव्या दंडावर ही जिवंत लस देतो. काखेत छोटी गाठ येणं बहुतेकांत निरुपद्रवी असतं. पण गाठ फुटत, वाहत राहिली, दुसरीकडेही गाठी आल्या, ताप आणि वजन घटणं सोबत असलं, तर ती लसच त्या बाळाला सोसलेली नाही. सगळ्यात आधी एचआयव्ही नाकारायचा, तोही पीसीआरने. अँटीबॉडी टेस्ट तान्ह्या बाळात आईच्या अँटीबॉडी दाखवते आणि एक्सएलएसारख्या मुलात काहीच दाखवत नाही.

वर सांगितलेली वजाबाकी, ताई, मी आमच्या रेसिडेंटना शिकवतो. एक्सएलए प्रथम ओळखला तो ब्रूटन यांनी, १९५२ मध्ये, वारंवार सेप्सिस होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलात. त्यांनीही तेच केलं होतं: रक्तातल्या प्रथिनांचा साधा पट्टा (इलेक्ट्रोफोरेसिस) काढला आणि त्यात गॅमा ग्लोब्युलिनचा, म्हणजे अँटीबॉडींचा, भाग गायब दिसला. जनुक सापडायला पुढे १९९३ उजाडलं.

हडपसरची_आई
मंगळवार, दुपारी १.२०

डॉक्टर, धीर आला पण थोडाच. लेक दोन वर्षांची, प्लेग्रुपला जाते, सतत सर्दी. एका पॅकेजमध्ये आयजीजी करून घेतला. ५४० आलाय, समोर लाल अक्षरात 'कमी' आणि रेंज ७०० ते १६००. कालपासून झोप नाही.

नळीवाला
मंगळवार, दुपारी २.०२

पुण्यातल्याच एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ताई, ७०० ते १६०० ही मोठ्या माणसांची पट्टी आहे. दोन वर्षांच्या मुलीला ५४० वयाप्रमाणे चालतो. सॉफ्टवेअरमध्ये वयाप्रमाणे रेंज भरलेली नसली की मशीन सरसकट लाल करतं. तुमच्या डॉक्टरांना वयाचा तक्ता लावून बघायला सांगा आणि आज झोपा.

याची उलटी बाजू जास्त भयानक आहे. लहान बाळाच्या रक्तात लिम्फोसाइट मोठ्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतात. मोठ्या माणसाला १००० च्या वर असले तरी पास. तीन महिन्यांच्या बाळाला ३००० च्या खाली गेले की स्किड (टी पेशीच नसण्याचा जन्मजात आजार) मनात यायलाच हवा. म्हणजे १५०० आलेल्या बाळाचा रिपोर्ट मोठ्यांच्या पट्टीवर काळ्या अक्षरात, निवांत छापून येतो. एकाच पट्टीने हडपसरची चांगली मुलगी आजारी ठरते आणि खरं आजारी बाळ चांगलं. हिशोब कुणालाही जमेल: टोटल डब्ल्यूबीसी गुणिले लिम्फोसाइटची टक्केवारी भागिले शंभर. सीबीसी दीर्घ आजारात पुन्हा पुन्हा होते, त्यामुळे एक नव्हे, सगळ्या काढून बघा.

पेठकरी
मंगळवार, दुपारी २.४०

हे मात्र माहीत नव्हतं. आधीचं विधान अर्धं मागे घेतो.

हडपसरची_आई
मंगळवार, दुपारी ३.१०

खूप आभार दादा. वजन वयाप्रमाणे आहे आणि ॲडमिट कधीच केलेली नाही. झोपते.

भोरकर
मंगळवार, रात्री ९.२५

सगळं वाचलं. माझ्या मेहुण्याचं पहिलं बाळ, मुलगा, मागच्या वर्षी चार महिन्यांचं होऊन गेलं. काखेत बीसीजीची गाठ, तोंडात पांढरं, जुलाब थांबेनात, शेवटी न्यूमोनिया. सगळे म्हणाले नशीब. आमच्यात मामाची मुलगी करतात, याचंही तसंच आहे. आता मेहुण्याची बायको पुन्हा दोन महिन्यांची गरोदर आहे. फाइल मागवून घेतली. पहिल्या ॲडमिशनची सीबीसी: डब्ल्यूबीसी ९,२००, लिम्फोसाइट १२ टक्के. शेवटच्या वेळची: ७,८००, ९ टक्के. याचा काही अर्थ आहे का?

नळीवाला
मंगळवार, रात्री ९.३८

भोरकर साहेब, पहिल्या वेळी ११०४, शेवटी ७०२. डॉक्टरांना बोलू द्या, पण हे आकडे नशिबाचे नाहीत.

स्टेथोवाला
मंगळवार, रात्री १०.५०

भोरकर, फार वाईट वाटलं. न बघता, न तपासता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते स्किडच्या वर्णनाशी तंतोतंत जुळतं. त्या बाळाचा छातीचा एक्स-रे असेल तर तोही शोधा. तान्ह्या बाळाच्या एक्स-रेत हृदयाच्या वर थायमसची (टी पेशी तयार करणारी ग्रंथी) सावली दिसते, स्किडमध्ये ती बहुधा नसते. न्यूमोनिया शोधताना तिकडे लक्ष जात नाही.

घाई करायला हवी. जेनेटिक्सवाल्यांना या आठवड्यातच भेटवा. आणि एक घरातल्यांना स्पष्ट सांगा: ही तपासणी फक्त गर्भ ठेवायचा की नाही यासाठी नसते. बाळाला स्किड आहे हे जन्मतःच कळलं आणि संसर्ग व्हायच्या आधी, पहिल्या साडेतीन महिन्यांत, बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, तर ९० टक्क्यांहून जास्त बाळं वाचतात. संसर्ग झाल्यावर तसं राहत नाही. स्किडचं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट १९६८ चं आहे, नवीन काही नाही यात. नवीन आहे ते वेळेवर कळणं. अमेरिकेत टाचेच्या रक्ताच्या थेंबावर टीआरईसी नावाची चाचणी विस्कॉन्सिनने २००८ ला सुरू केली, २०१८ अखेर सगळ्या राज्यांत पोचली. आपल्याकडे सरसकट नाही. पुण्यातल्या प्रसूतीगृहांच्या पॅकेजमध्ये टाचेची तपासणी असते, पण त्यात ही चाचणी आहे का ते विचारावं लागतं. आणि असली तरी ती टी पेशींचंच बघते. एक्सएलए किंवा सीजीडी तिच्यात सापडत नाही.

रेशीमगाठ
बुधवार, सकाळी ११.००

जेनेटिक काउन्सेलिंगमध्ये काम करते. भोरकर दादा, ज्या बाळाला आजार होता त्याचं जनुक हाती असतं तर काम सोपं झालं असतं. त्याचं काही शिल्लक आहे का ते त्या हॉस्पिटलला विचारा: नवजात तपासणीचं फिल्टर पेपर कार्ड, बायॉप्सीचा ब्लॉक, बोन मॅरोची काचपट्टी. काहीच नसेल तर आई आणि वडील दोघांचं एक्सोम (जवळजवळ सगळ्या जनुकांची एकदम तपासणी) करतात आणि दोघांत एकाच जनुकाचा दोष आहे का ते शोधतात. नात्यातलं लग्न असल्याने ही शक्यता आधी बघायची. तसं निघालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. पण मुलगा गेलाय, म्हणून आईच्या एक्सवरचं आयएल२आरजी जनुकही नजरेआड करायचं नाही. त्यात प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता. मावस-मामे घराण्यातले लहानपणी गेलेले मुलगे लिहून काढा.

मामाची मुलगी केली म्हणून हे झालं, असं मेहुण्याच्या बायकोला कुणी ऐकवत असेल तर ते बंद करा. नात्यात लग्न नसलेल्या घरांतही आमच्याकडे याच फाइली येतात.

जनुक कळलं तर वारेचा नमुना ११ ते १३ आठवड्यांत, किंवा गर्भजल १६ च्या पुढे. दोन महिने झालेत म्हणजे वारेची मुदत गाठणं अवघड, गर्भजलाची गाठता येईल. पीसीपीएनडीटीची (गर्भलिंग निदानबंदी कायदा) भीती बाळगू नका. १९९४ च्या त्या कायद्यातच जनुकीय आणि लिंगाशी निगडित आजारांसाठी गर्भतपासणीला मुभा आहे. मान्यताप्राप्त केंद्रात, फॉर्म भरून. मुलगा की मुलगी हे मात्र कुणी सांगणार नाही आणि विचारायचंही नाही.

एक सूचना बाकी वाचकांसाठी. एक्सोमचा रिपोर्ट 'काही सापडलं नाही' म्हणून आला तर प्रकरण मिटलं असं समजू नका. सीजीडीच्या एका प्रकारात एनसीएफ१ जनुक बिघडतं. त्याच्या शेजारी त्याच्यासारखीच दिसणारी दोन निकामी जनुकं असल्याने मशीन गोंधळतं. आपल्या देशात हा प्रकार दुर्मीळ नाही. पेशी काम करतात का हे दाखवणारी डीएचआर चाचणी तिथे जनुकापेक्षा भरवशाची. आणि 'अर्थ अनिश्चित' असा बदल रिपोर्टात आला तर तो हो नाही आणि नाहीही नाही. त्यावरून कुठलाही निर्णय घ्यायचा नसतो.

भोरकर
बुधवार, दुपारी १२.४५

ताई, ऐकवणारे आहेत घरात. आज बोलतो. तपासण्या पुण्यात होतात की मुंबईला जावं लागतं? आणि खर्च?

सिंहगडरोडवाली
बुधवार, दुपारी १.३०

पेशींच्या खास तपासण्यांसाठी आमचा नमुना परळला एनआयआयएचला गेला होता, ती आयसीएमआरची संस्था केईएमच्या आवारात आहे. केईएम म्हणजे परळचं बरं का, रास्ता पेठेतलं नव्हे. आमचे मोठे दीर रिक्षा करून रास्ता पेठेत निघाले होते. वाडिया हॉस्पिटलही परळलाच आहे, तिथे मुलांचा इम्युनॉलॉजी विभाग आहे. नमुना जातो, माणसाला दर वेळी जावं लागत नाही.

खर्चाचं: केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात स्किड, सीजीडी, विस्कॉट-ऑल्ड्रिच ही नावं एकदाच उपचाराने बरे होणाऱ्यांच्या गटात आहेत. ठरलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि आपल्या राज्यातलं एक केंद्र परळचं केईएम. कागदपत्रं आतापासून जमवा, निदानाची वाट बघत बसू नका. आमच्या आयव्हीआयजीचं गणित वजनावर चालतं, किलोला साधारण ०.४ ते ०.६ ग्रॅम. जगात कुठल्या आईला पोराचं वजन वाढल्यावर आनंद आणि हिशोब एकदम आठवत असेल, तर ती मी.

नळीवाला
बुधवार, दुपारी २.१५

नमुन्याबद्दल लिहून ठेवतो, कारण इथेच वाट लागते. फ्लोसाठी जांभळ्या बुचाची ईडीटीए नळी, डीएचआरसाठी हिरव्या बुचाची हेपॅरिन. बर्फात ठेवायची नाही, साध्या तापमानाला, आणि २४ तासांच्या आत पोचली तर उत्तम, कारण पेशी जिवंत लागतात. डीएचआरला सोबत एका निरोगी, नात्यात नसलेल्या माणसाची नळी त्याच डब्यात, त्याच वेळी काढलेली. प्रवासात दोन्ही बिघडल्या तर दोष प्रवासाचा, एकच बिघडली तर मुलाचा. शुक्रवारी-शनिवारी काढू नका. रविवारी डबा कुणीतरी टेबलावर ठेवून जातं.

इम्युनोग्लोब्युलिनची तपासणी आयव्हीआयजी द्यायच्या आधी, नंतर नाही. दिल्यावर रिपोर्टात दात्यांचे आकडे येतात. आयसीयूत घाई असते, पण सिस्टरांना सांगून आधी एक नळी काढून घ्या, तपासणी नंतर ठरवा.

स्टेथोवाला
बुधवार, रात्री ८.२०

रक्ताचंही असंच. स्किडची शंका असलेल्या बाळाला रक्त चढवायचं झालं तर किरणांनी प्रक्रिया केलेलंच (इरॅडिएटेड). साध्या रक्तातल्या दात्याच्या लिम्फोसाइट बाळावर उलटतात.

भोरकर, बाळ जन्मेल तेव्हा: नाळेचं रक्त ईडीटीएत काढून टी, बी, एनके पेशींच्या फ्लोला. रिपोर्ट येईपर्यंत बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरस थांबवायचे. हे तिन्ही जिवंत आहेत. आपल्याकडे बीसीजी आणि पोलिओचे थेंब डिस्चार्जच्या आधी सिस्टर सवयीने देऊन टाकतात, म्हणून गरोदरपणाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून घ्या आणि लेबर रूमलाही सांगा. घरातल्या दुसऱ्या लहान मुलांना पल्स पोलिओचे थेंब द्यायचे की इंजेक्शनची पोलिओ लस, हेही डॉक्टरांना आधी विचारा. थेंब घेतलेल्या मुलाच्या शौचातून विषाणू काही आठवडे बाहेर पडतो.

भोरकर
बुधवार, रात्री १०.०५

तिच्या जावेचा दोन वर्षांचा मुलगा आहे घरात, पोलिओचं विचारतो. जेनेटिक्सची शुक्रवारची वेळ मिळाली. जुन्या हॉस्पिटलने नवजात तपासणीचं कार्ड शोधून सांगतो म्हटलंय. सासूबाईंना घेऊन जातोय, त्यांच्या माहेरचेही दोन निघालेत.

रेशीमगाठ
बुधवार, रात्री १०.२०

कार्ड सापडलं तर हॉस्पिटलकडून लेखी ताबा घ्या आणि कोरड्या पाकिटात आणा, प्लास्टिकमध्ये नको. सासूबाईंकडचे दोघं कुणाचे कोण, ते नावं न घालता फक्त नात्याने कागदावर काढून आणा.